वारीत चाललेल्या इरावतीबाई

डॉ. इरावती कर्वे यांचं नाव पुष्कळांना ‘युगान्त’ या पुस्तकामुळे ठाऊक आहे. पण एवढी शिकलेली ही बाई माऊलींच्या पालखीबरोबर पंढरीची वाट पायी चालली होती. म्हणून आपल्या दिंडीच्या शताब्दीत त्यांची आठवण.

बाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातला. वडील तिकडे नोकरीला. लहानपणीच शिक्षणासाठी पुण्याला आल्या आणि पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या सूनबाई झाल्या. मुंबईला प्रा. घुर्ये यांच्याकडे शिकल्या आणि १९२८ साली जर्मनीत बर्लिनला गेल्या. विषय मानववंशशास्त्र, म्हणजे माणसाची शरीरठेवण, नातीगोती, जाती, चालीरीती यांचा अभ्यास. तिथले गुरू गोऱ्या लोकांना श्रेष्ठ मानणारे. बाईंनी माणसांच्या कवट्या मोजल्या. त्यात गुरूंच्या म्हणण्याला आधार सापडला नाही, तसं त्यांनी लिहून दिलं. परक्या मुलखात, एकट्या असताना, गुरूपुढे हे धाडस केलं!

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. पण त्यांचा अभ्यास खुर्चीत बसून झाला नाही. गावोगाव, रानावनात हिंडायचं, माणसांची मापं घ्यायची, कोण कुणाचा मामा, कुणाची सोयरीक कुठं चालते ते विचारायचं. असं करत हा देश त्यांनी समजून घेतला.

तीच नजर घेऊन बाई वारीत आल्या. वाट एक, टाळ एक, मुखी नाम एक. पण मुक्कामाला बघतात तर ब्राह्मणांची चूल निराळी, मराठ्यांची निराळी. हे त्यांना फार लागलं. त्या मराठा बायकांच्या पंगतीला जाऊन जेवल्या. मग काय, त्याच बाया हात धरून चालू लागल्या, घरची सुखदुःखं सांगू लागल्या, ताई म्हणू लागल्या. एका जेवणानं हे झालं. वारीचा गोडवा आणि ही उणीव, दोन्ही त्यांनी ‘वाटचाल’ या लेखात लिहून ठेवलं. ११ ऑगस्ट १९७० ला बाई गेल्या.

मंडळी, थळहून निघणाऱ्या आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. पताका मोजल्या, वीणेकरी आठवले, तशा आपल्या मुक्कामावरच्या चुलीही एकदा मोजू या. ज्या दिवशी एकच चूल भरेल, त्या दिवशी ताईंची वारी पुरी होईल.

रामकृष्ण हरी!