शून्यतेचा शोध घेणारे आचार्य धर्मानंद

भगवान बुद्धांच्या स्मरणाने पुनीत झालेल्या वैशाखी पौर्णिमेस त्यांचा धर्म मराठीत आणणाऱ्या आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र आठवणे उचित होय.

धर्मानंदांचा जन्म १८७६ साली गोमंतकातील साखवाळ गावी, सारस्वत ब्राह्मण कुळात झाला. शालेय शिक्षण बेताचेच. नारळीच्या बागेची देखरेख हाच व्यवसाय. प्रपंचात मन रमेना, तेव्हा प्रथम धीर दिला तो तुकोबारायांच्या चरित्राने. निघोज्याच्या इंद्रायणीकाठाहून जवळच असलेल्या देहूचा हा वाणी असा दूर गोमंतकातील तरुणाचा आधार झाला. पुढे एका मराठी मासिकातील बुद्धचरित्र वाचनात आले आणि त्यांचे चित्त तेथेच जडले. १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई व तान्ही कन्या यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. त्या माउलीने सोसलेला विरहही या विद्येच्या मोलातच धरला पाहिजे.

पुण्याहून ते काशीस गेले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. नेपाळ व बुद्धगया पाहून १९०२ साली सिंहलद्वीपी श्रामणेर-दीक्षा घेतली, पाली आत्मसात केली आणि ब्रह्मदेशात ध्यानाभ्यास केला.

त्यांनी ज्या ग्रंथाला आयुष्याची अनेक वर्षे वाहिली, तो बुद्धघोषाचार्यांचा ‘विसुद्धिमग्ग’. शून्यता म्हणजे काहीच नसणे, असा आपल्याकडे सामान्य समज आहे. ग्रंथाचा आशय निराळा. चाके, आस, जू ही अंगे एकत्र आली की आपण रथ म्हणतो. त्या अंगांहून वेगळा रथ सापडत नाही. तसेच रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाच स्कंधांच्या समुदायास आपण ‘मी’ म्हणतो. ‘मी’ आणि ‘माझे’ यांनी रिक्त असणे, ही शून्यता. चित्तही कारणांनी उपजते व क्षणोक्षणी मावळते. आपला वेदान्त येथे साक्षी आत्मा मानतो, बौद्ध मानीत नाहीत. हा भेद लपवू नये. परंतु अहंकाराची गाठ सुटावी, ही तळमळ दोन्हीकडे सारखीच आहे.

१९०६ साली स्वदेशी परतून धर्मानंदांनी पुन्हा संसार स्वीकारला. १९१० पासून अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनास हात घातला, नंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कारावास भोगला. ‘भगवान बुद्ध’ हे त्यांचे चरित्र आजही मराठी घरांत वाचले जाते.

देह थकल्यावर, आपला भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी अन्नत्याग केला व जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे शांतपणे देह ठेवला. हार्वर्डची ‘विसुद्धिमग्गा’ची आवृत्ती १९५० साली प्रसिद्ध झाली, ती पाहण्यास ते राहिले नव्हते. कर्म करून ‘माझे’पण सोडणे म्हणजे काय, हे भाविकांनी या चरित्रात पाहावे.