नील्स फिन्सेन: प्रकाशोपचाराचे जनक आणि डोळ्यांवरचा चष्मा

सोरायसिस किंवा कोड (पांढरे डाग) यांसाठी आज जो प्रकाशोपचार दिला जातो, त्याची सुरुवात डेन्मार्कच्या डॉ. नील्स फिन्सेन यांच्यापासून झाली.

त्यांचा जन्म १८६० साली फॅरो बेटांवर झाला. शाळा आइसलँडमध्ये आणि वैद्यकीय शिक्षण कोपनहेगनमध्ये झाले. १८९० साली ते डॉक्टर झाले. तरुणपणीच त्यांना एक गंभीर आजार जडला होता. पोटात पाणी साचायचे, थकवा यायचा. उन्हात बसल्यावर बरे वाटते असा अनुभव आल्याने ते प्रकाशाच्या परिणामांचा अभ्यास करू लागले.

त्या काळी त्वचेच्या क्षयरोगाने अनेकांचे चेहरे विद्रूप होत. १८९५ साली फिन्सेन यांनी अशा एका रुग्णावर कार्बन आर्क दिव्याच्या प्रकाशाने उपचार केले आणि गुण आला. साधी काच अतिनील किरण अडवते, म्हणून त्यांनी स्फटिकाची भिंगे वापरली. पाण्यातून प्रकाश नेऊन त्यातली उष्णता कमी केली. १८९६ साली त्यांची संस्था सुरू झाली. तेथील जुन्या छायाचित्रांत रुग्णांजवळ बसलेल्या परिचारिकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे दिसतात. १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी, वयाच्या ४३व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढे क्षयरोगावर औषधे आली आणि तो दिवा मागे पडला. प्रकाशोपचार मात्र टिकला.

चष्म्याची गरजही तशीच टिकून आहे. यूव्हीबी किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजू शकतो. वेल्डिंगकडे पाहिल्यावर होते तशी डोळ्यांत आग होते, खडे टोचल्यासारखे वाटते. यूव्हीए किरण आणखी आत, डोळ्याच्या भिंगापर्यंत जातात. सोरालेनची गोळी घेतली असेल तर ते औषधही भिंगात पोहोचते आणि यूव्हीए किरणांमुळे तेथील प्रथिनांना चिकटू शकते. भिंगातल्या पेशी त्वचेसारख्या झडून जात नाहीत, त्यामुळे इजा साठत जाते. पुढे मोतीबिंदूची भीती असते, ती यासाठी. डोळे नीट झाकणाऱ्या रुग्णांत हा धोका फारसा वाढलेला आढळत नाही.

म्हणून एवढे पाळा:

• मशीनमध्ये असताना दवाखान्याने दिलेला गॉगल काढू नका.

• सोरालेनची गोळी घेतल्यापासून पुढचे २४ तास यूव्हीए अडवणारा चष्मा वापरा. गोळी घेऊन उन्हात बसायला सांगितले असेल तरीही. दिवसा घरात खिडकीजवळ किंवा गाडीत बसतानाही तो हवा, कारण यूव्हीए काचेतून येते.

• नुसती काळी काच पुरेशी नाही. तिच्यामागे बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात.

• सोरालेन सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दरवर्षी नेत्रतपासणी करा.

• बावचीतही सोरालेन असते. ती स्वतःच्या मनाने घेऊन उन्हात बसू नका.

डोळ्यांच्या भीतीने उपचार अर्धवट सोडू नका. पुढच्या वेळी जाताना तुमचा चष्मा सोबत न्या आणि तो योग्य आहे का, हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.