मौलाना आणि ‘मुल्ला’ नावाचा चिमणा

रमजानच्या दिवसांत सहरीसाठी पहाटे घरोघरी दिवे लागतात. मौलाना अबुल कलाम आझाद यांचा दिवस बाराही महिने याच वेळी सुरू व्हायचा. अंधारात उठायचे, स्वतःच्या हाताने चहा करायचा आणि लिहायला बसायचे. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात कैदेत असतानाही हा नेम मोडला नाही.

चहा मात्र त्यांचा आगळाच. चमेलीच्या वासाचा, चिनी, दुधाशिवाय. दूध घालून केलेल्या चहाला ते चहा मानायलाच तयार नव्हते, त्यांच्या लेखी तो पातळ हलवा. भंडारा-नागपूर महामार्गावर शहापूरला थांबून घट्ट चहा घेणाऱ्यांना हे मत पटणार नाही. पण मौलानांनी या विषयावर लांबलचक पत्र लिहिले आहे, तेही एखाद्या धार्मिक वादात निवाडा द्यावा अशा थाटात.

आझाद यांचा जन्म १८८८ मध्ये मक्केत झाला. वडील मौलाना खैरुद्दीन मोठे आलिम आणि पीर होते. कुटुंब कलकत्त्याला आले आणि मुलाचे सारे शिक्षण घरीच झाले. मदरशांचा बरीच वर्षे चालणारा अभ्यासक्रम त्याने कोवळ्या वयातच पुरा केला. १९१२ मध्ये त्यांनी ‘अल हिलाल’ हे साप्ताहिक काढले. इंग्रज सरकारला ते सोसले नाही, पुढे आझादांना रांचीत नजरकैदेत ठेवले गेले. त्यांचे कुरआनावरील भाष्य ‘तर्जुमानुल कुरआन’ आजही अभ्यासले जाते. १९२३ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९४० मध्ये पुन्हा झाले आणि त्या पदावर असतानाच ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत त्यांना अटक झाली.

किल्ल्यात एकूण १२ जण होते. नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आसफ अली, सय्यद महमूद, आपले शंकरराव देव आणि इतर. तुरुंगाच्या सुपरिंटेंडेंटला मौलानांनी ‘चीताखान’ हे नाव ठेवले. चांदबिबीच्या काळातला या किल्ल्यातला तो एक हबशी सरदार. इतिहासाचा अभ्यास असा चेष्टेच्या कामी आला.

खोलीचे छत जुने, लाकडी. त्यात चिमण्यांची घरटी. काड्या आणि कचरा दिवसभर सामानावर पडायचा. अखेर मौलानांनी युद्ध पुकारले. आधी छत्री उगारली, मग बांबू आणला. चिमण्या पळाल्या आणि थोड्या वेळाने परत हजर झाल्या. बऱ्याच लढाया हरल्यावर काँग्रेसच्या अध्यक्षांनी तह करायचे ठरवले. जमिनीवर तांदळाचे दाणे टाकले. दुसऱ्या दिवशी ते थोडे जवळ टाकले, मग आणखी जवळ. असे करता करता एक दिवस चिमणी तळहातावर येऊन दाणे टिपू लागली.

मग बारसे झाले. सगळ्यांत धीट तो कलंदर. मान खाली घालून गप्प राहणारा तो सूफी. एक चिमणी मोती. आणि अंगाने दणकट, सदा भांडायला उभा असलेला तो मुल्ला! आयुष्यभर मुल्ला-मौलवींत वावरलेल्या, स्वतः मौलाना म्हणवल्या जाणाऱ्या माणसाने हे नाव ठेवले.

धर्माचा जाणकार म्हणजे कपाळावर आठ्या असलेला माणूस, असा समज सर्वच धर्मांत आढळतो. हदीसमध्ये मात्र एका पाखराचीच गोष्ट आहे. हजरत अनस यांचा धाकटा भाऊ अबू उमैर. त्याचे नुगैर नावाचे छोटे पाखरू होते. पैगंबर मुहम्मद (स.) त्या पोराला भेटले की उमैर-नुगैर असे यमक जुळवून पाखराची खबर विचारीत. पाखरू मेल्यावर हिरमुसलेल्या पोराला हसवण्यासाठी ही थट्टा होती, असेही सांगतात. पुढे एका शाफिई विद्वानाने एवढ्याशा प्रसंगातून ६० मुद्दे काढले. मौलानांना हा वारसा चांगला ठाऊक होता.

ही सारी हकीकत त्यांनी अलीगढकडचे स्नेही नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून लिहिली. कैदेतून ही पत्रे पाठवता येत नव्हती, तरी ते लिहीत राहिले. ‘गुबार-ए-खातिर’ म्हणजे मनावरची धूळ. या नावाने ती १९४६ मध्ये पुस्तकरूपात आली. उर्दू गद्यात आजही हे पुस्तक मानाने वाचले जाते.

चिमण्यांची पत्रे मार्च १९४३ ची. त्याच महिन्यात कलकत्त्याहून पत्नी जुलेखा बेगम अत्यवस्थ असल्याची खबर येऊ लागली. ३ ऑगस्टला घर सोडताना त्या दारापर्यंत आल्या होत्या आणि खुदा हाफिजखेरीज काही बोलल्या नव्हत्या. सरकारकडे काही विनंती करायची असेल तर ती पुढे पाठवू, असे सुपरिंटेंडेंटने सुचवले. मौलानांनी नकार दिला. नेहरूंनी समजावले, तरी ते बधले नाहीत. इंग्रजांकडे मेहेरबानी मागायची नाही, हा निर्धार होता. पण त्याची किंमत एकट्या मौलानांनी मोजली नाही. कलकत्त्यात त्या आजारी बाईनेही मोजली.

९ एप्रिलला दुपारी दोन वाजता तार हातात पडली. ३६ वर्षांचा संसार संपला होता. दोनच दिवसांनी लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक कबुली दिली आहे. त्या काळात वर्तमानपत्र आले की धावत जाऊन बघावेसे वाटे, पण ते मुद्दाम जागचे हलत नसत. चेहऱ्यावरची ती शांती म्हणजे निव्वळ दिखावा होता, हे त्यांनीच लिहून ठेवले. किल्ल्याच्या आवारात एक जुनी, अनाम कबर होती. रोज नजरेस पडणारी ती कबर आता त्यांना नात्यातली वाटू लागली. काही महिन्यांतच भोपाळला बहीणही गेली.

एप्रिल १९४५ मध्ये त्यांना बंगालमधल्या बांकुऱ्याला हलवले आणि जूनमध्ये सोडले. पुढे ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले, २२ फेब्रुवारी १९५८ ला निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. पण सुटकेनंतर कलकत्त्याला पोहोचले, त्या दिवशी स्वागताला गर्दी होती आणि गाडी फुलांनी भरली होती. मौलानांनी गाडी कबरस्तानाकडे वळवायला सांगितली. त्यातला एक हार उचलून जुलेखा बेगमच्या कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातिहा पढला.