हंसा वाडकर : डागांसकट आपली

यवतमाळ जिल्ह्यात बायांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले, धरणे धरली. अशा जिल्ह्यात, पंचशील मानणाऱ्या पोरापोरींनी दारू पिणाऱ्या एका नटीला का मानावे, असे कुणी विचारले तर प्रश्न रास्तच आहे.

हंसाबाईंचे मूळ नाव रतन साळगावकर. घराणे कलावंतिणींचे. १९३६ साली 'विजयाची लग्ने' या बोलपटात त्या आल्या, तेव्हा त्यांचे वय शाळेत जाण्याचे होते. पण घर चालवायला पैसा हवा होता. त्याच वर्षी जूनमध्ये बाबासाहेबांनी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणींना ते जिणे सोडून देण्यास बजावले होते. त्या सभेशी हंसाबाईंचा संबंध नाही, जातही वेगळी. पण बाईच्या कमाईवर घर जगवायचे आणि वर तिलाच हलकी म्हणायचे, ही रीत दोन्हीकडे एकच.

पुढे प्रभातचा 'संत सखू' (१९४१), राजकमलचा 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७), आणि १९५९ चा अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका'. हा शेवटचा पुण्यात शंभराहून जास्त आठवडे चालला. तमाशातली बाई त्यांनी माणूस म्हणून उभी केली. पडद्यामागे मात्र कोवळ्या वयातले लग्न, संशयी नवरा, पैशावर त्याचा ताबा. त्या घर सोडून एका माणसाबरोबर मराठवाड्यातल्या खेड्यात गेल्या, तर तिथे त्याच्या आधीच्या बायका होत्या. दारू जडली, ती सुटली नाही. मुलीकडेही दुर्लक्ष झाले. हे झाकायचे कारण नाही. व्यसन ते व्यसनच.

तरी त्या मोठ्या का? कारण त्यांनी हे सगळे स्वतः सांगितले. अरुण साधूंनी शब्दांकन केले आणि १९७० मध्ये 'सांगत्ये ऐका' याच नावाने आत्मकथन पुस्तकरूपाने आले. त्या काळी नट्या आठवणी लिहीत त्या गोडगोड. या बाईंनी घराणे लपवले नाही, पिणे लपवले नाही, पुरुषांनी केलेला छळही लपवला नाही. (आपल्याकडच्या किती पुढाऱ्यांच्या चरित्रात एवढा खरेपणा सापडतो?) वैशालीच्या आम्रपालीचे भोजन तथागतांनी स्वीकारले, तेव्हा तिचा भूतकाळ विचारला नव्हता. आपण हंसाबाईंचा विचारतो, आणि त्यांच्या नवऱ्याचा विचारत नाही.

ऑगस्ट १९७१ मध्ये त्या गेल्या. सहा वर्षांनी त्यांच्याच आत्मकथनावरून श्याम बेनेगल यांनी 'भूमिका' काढला आणि स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो बघायला हंसाबाई नव्हत्या.