डॉ. नेल्सन ॲनन्डेल व वाळूमाशी

उन्हाळ्याच्या दिवसांत आमच्या कडेगांवच्या बाजूस कोणी गोठ्याशेजारीं निजला, तर रात्रीं डासाहूनहि बारीक अशी एक केसाळ माशी त्याच्या घोट्यास चावते. डास गुणगुणतो, ही मुकाट्यानें येते. ती नीट उडत नाहीं, टुणटुण उड्या मारीत भिंतीवर चढते, व बसली म्हणजे पंख न मिटतां उभे धरिते. हिला वाळूमाशी म्हणतात, परंतु तिचें घर वाळूंत नसतें. भिंतींच्या भेगा, गोठ्याची ओलसर माती, शेणकचरा अशा ठिकाणीं तिची वाढ होते. ती आम्हांपैकीं पुष्कळांस चावली असेल, पण तिचें नांव विचारण्याची गरज कोणास वाटली नाहीं. ज्यांस ती वाटली, त्या गृहस्थांचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

टॉमस नेल्सन ॲनन्डेल यांचा जन्म १५ जून १८७६ रोजीं स्कॉटलंडांत एडिंबरो शहरीं झाला. त्यांचे वडील तेथील विश्वविद्यालयांत शस्त्रवैद्यकाचे अध्यापक होते. रग्बी, ऑक्सफर्ड व एडिंबरो येथें त्यांचें शिक्षण झालें. मलाया मुलखांत फिरून त्यांनीं तेथील लोकांविषयीं व प्राण्यांविषयीं माहिती मिळविली. आणि १९०४ सालीं ते कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममध्यें नोकरीस आले. तीन वर्षांनीं त्या संस्थेचा कारभार त्यांच्याकडे आला.

त्या वेळीं बंगाल, बिहार व आसाम या प्रांतांत काळा आजार लोकांस मारीत होता. या रोगांत ताप महिनेच्या महिने राहतो, पानथरी वाढून पोट फुगतें, हातपाय वाळतात, अंग काळवंडतें, आणि उपचार न झाल्यास रोगी बहुधा वांचत नाहीं. आसामांत तर यानें गांवेंच्या गांवें ओस पडलीं. १९०३ सालीं लीशमन व डोनोव्हन यांनीं या रोगाचा सूक्ष्म जंतु दाखविला खरा, पण तो एका माणसाच्या अंगांतून दुसऱ्याच्या अंगांत जातो कसा, हें कळेना. कोणी ढेंकणावर संशय घेतला. वाळूमाशीकडे अजून कोणाचें लक्ष नव्हतें.

ॲनन्डेल यांनीं ब्रुनेट्टी नांवाच्या एका सहकाऱ्याबरोबर १९०८ सालीं या माशीच्या एका जातीचें वर्णन केलें. हे ब्रुनेट्टी पेशानें वादक होते, आणि फावल्या वेळांत माशा पारखीत; देवानें कोणास कोणती आवड द्यावी याचा नेम नाहीं. या जातीचे पाय रुपेरी दिसतात, म्हणून तिला त्यांनीं अर्जेंटिपिस, म्हणजे रुपेरी पायांची, असें लॅटिन नांव दिलें. पुढें १९१० सालीं ॲनन्डेल यांनीं हिंदुस्थानांतील वाळूमाशांवर निबंध लिहून आणखी जाती वेगळ्या काढिल्या. त्यांतील एकीचें नांव त्यांनीं बाबु असें ठेविलें! तीन दिवसांचा ताप या माशांपासून येतो, हें युरोपांतील वैद्यांनीं नुकतेंच सिद्ध केलें होतें, म्हणून हें काम अगदीं निरुपयोगी आहे असें कोणी म्हणूं शकत नव्हता. तथापि तांदळाच्या दाण्याहून लहान माशीच्या पंखावरील शिरा मोजीत बसणाऱ्या मनुष्यास पाहून आमचे कुणबी बंधु हंसले असते. आम्हीहि हंसलों असतों.

त्यांची जिज्ञासा माशांपुरतीच नव्हती. १९११ सालीं मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर या तरुण अभ्यासकास आमच्याच सातारा जिल्ह्यांत, मेढ्याजवळ वेण्णा नदीच्या गोड्या पाण्यांत, छत्रीच्या आकाराचा एक पारदर्शक प्राणी सांपडला. असे प्राणी बहुतेक समुद्रांतच असतात. त्याचें शास्त्रीय वर्णन ॲनन्डेल यांनीं केलें. (कडेगांव त्या काळीं सातारा जिल्ह्यांतच मोडत असे.) पुढल्याच वर्षीं, १९१२ सालीं, ते गालीलच्या समुद्रावर गेले. पेत्र व अंद्रिया ज्या पाण्यांत जाळीं टाकीत, त्या पाण्यांतील स्पंज व इतर बारीक जीव त्यांनीं तपासून नोंदिले. १ जुलै १९१६ रोजीं हिंदुस्थानांतील सर्व प्राण्यांची पाहणी करणारें सरकारी खातें निघालें. त्यासाठीं त्यांनीं फार खटपट केली होती, आणि त्याचे पहिले संचालक तेच झाले. तेथें त्यांनीं बेणी प्रसाद व सुंदरलाल होरा या देशी तरुणांस हाताशीं धरिलें. ते दोघेहि पुढें त्याच खात्याचे संचालक झाले. साहेबांनीं काम करावें व देशी माणसानें बाटल्या धुवाव्या, असा तो काळ होता, म्हणून ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतों.

१० एप्रिल १९२४ रोजीं कलकत्त्यास त्यांचा अंत झाला. वय अवघें सत्तेचाळीस वर्षांचें होतें.

त्याच वर्षाच्या अखेरीस, त्याच शहरीं, नोल्स, नेपियर व स्मिथ या वैद्यांनीं काळ्या आजाराच्या रोग्यांस वाळूमाशा चाववून मग त्या चिरून पाहिल्या. रोगाचे जंतु त्यांच्या पोटांत वाढत होते. ती जात रुपेरी पायांचीच होती. याच सुमारास सिंटन नांवाच्या लष्करी डॉक्टरांनीं दाखविलें कीं, जेथें काळा आजार तेथें ही जात असतेच. वाळूमाशांच्या पुष्कळ जाती मुख्यतः पाली-सरड्यांचें रक्त पितात. ही मात्र गुरें व माणसें यांजवर राहते. सर्व वाळूमाशा एकाच नांवानें ओळखल्या गेल्या असत्या, तर हा भेद कसा कळला असता? पूर्ण पुरावा मिळण्यास तरी आणखी अठरा वर्षें लागलीं. कारण माशा दुसऱ्यांदा चावण्याच्या आधींच मरत. त्यांस मनुकांचा रस पाजल्यावर त्या जगल्या, व १९४२ सालीं स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनीं आसामांत पांच माणसांस त्यांच्या दंशानें रोग झाल्याचें दाखविलें. त्या पांचांनीं आपण होऊन हात पुढें केले होते.

काळ्या आजारानें आमच्या भागांत मूळ धरिलें नाहीं. परंतु १९६५ सालीं नागपूर जिल्ह्यांतील चांदिपुरा गांवीं एक नवा विषाणु सांपडला. तो लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतो व कित्येकदां एका दोन दिवसांत प्राण घेतो. तोहि वाळूमाशीच पसरविते असें मानितात. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून ही माशी आंत येते. जाळी फार बारीक लागते. भिंतींच्या भेगा लिंपून घ्याव्या, शेणकचरा घरापासून दूर टाकावा, आणि मुलांचें अंथरूण गोठ्यालगत घालूं नये.