विश्लेषण : बिअरसाठी ‘योग्य’ ग्लास कोणता? उत्तर दडले आहे जोसेफ ग्रोल यांच्या १८४२च्या पिंपात!

घरी पाहुणे आले, फ्रिजमधून बिअरची बाटली निघाली, पण ओतायची कशात, हा प्रश्न अनेक घरांत शेवटच्या क्षणी पडतो. कुणी पाण्याचे ग्लास काढतो, कुणी स्टीलचे, तर कुणी भेट म्हणून आलेला जाडजूड मग. वरवर पाहता हा केवळ हौसेचा प्रश्न वाटतो. मात्र बिअर काचेच्या पारदर्शक ग्लासात प्यावी, त्यातही फिकट सोनेरी बिअर उंच, निमुळत्या ग्लासात प्यावी, या रिवाजाला ठोस कारणे आहेत. त्या कारणांची मुळे आजच्या झेकियातील पिल्सेन या शहरात आणि जोसेफ ग्रोल या बव्हेरियन माणसाच्या कामात सापडतात. कोण होते ग्रोल? त्यांनी नेमके काय केले? आणि त्याचा आपल्या हातातील ग्लासशी काय संबंध?

पिल्सेनमध्ये काय बिघडले होते?

पिल्सेन शहर १२९५ मध्ये वसवले गेले. बोहेमियाच्या राजाने तेथील घरमालक नागरिकांना बिअर गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला होता. हा हक्क घराबरोबर वारसाने पुढच्या पिढीकडे जाई. त्यामुळे बिअर हा शहरातील शेकडो कुटुंबांच्या उत्पन्नाचा प्रश्न होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र या बिअरचा दर्जा घसरला. ती गडद, गढूळ आणि बेभरवशाची होती. साध्या तापमानाला, वर तरंगणाऱ्या यीस्टने ती आंबवली जाई आणि लवकर आंबट होई.

याच काळात शेजारच्या बव्हेरियातून थंड तळघरांत मुरवलेली, टिकाऊ बिअर येऊ लागली. ग्राहक तिकडे वळू लागले. १८३८ मध्ये बिघडलेल्या बिअरची ३६ पिंपे नगरभवनासमोर उघड्यावर ओतून देण्यात आली, असे शहराच्या इतिहासात सांगितले जाते. आता प्रत्येकाने आपापल्या घरी बिअर गाळून भागणार नाही, हे हक्कधारकांच्या लक्षात आले. १८३९ मध्ये त्यांनी एकत्र येऊन सामाईक, आधुनिक कारखाना उभारण्याचा निर्णय घेतला. तोच पुढे ‘नागरिकांचा मद्यनिर्मिती कारखाना’ म्हणून ओळखला गेला.

ग्रोल कोण होते?

कारखान्याच्या उभारणीचे काम मार्टिन स्टेल्झर या स्थापत्यकाराकडे होते. बव्हेरियन पद्धतीची बिअर हवी, तर बव्हेरियन माणूसच हवा, असे ठरले आणि जोसेफ ग्रोल यांच्याशी करार झाला. ग्रोल यांचा जन्म २१ ऑगस्ट १८१३ रोजी बव्हेरियातील डॅन्यूब नदीकाठच्या फिल्सहोफेन गावात झाला. त्यांच्या वडिलांचा तेथे स्वतःचा बिअरचा कारखाना होता. तळाशी बसणाऱ्या यीस्टने, कमी तापमानात, सावकाश बिअर आंबवण्याची पद्धत त्यांनी घरातच पाहिली होती.

पिल्सेनला आले तेव्हा ग्रोल अवघ्या २९ वर्षांचे होते. कामात वाकबगार, पण स्वभावाने अतिशय फटकळ आणि उद्धट, अशीच त्यांची ख्याती होती. बव्हेरियात त्यांच्याइतका उर्मट माणूस नसेल, असे खुद्द त्यांच्या वडिलांचे मत होते म्हणतात. एका परक्या, तरुण आणि कुणाशी न पटणाऱ्या माणसाच्या हाती शहराने आपली पुंजी सोपवली होती. पहिलेच पिंप बिघडले असते, तर सारा खर्च पाण्यात गेला असता.

५ ऑक्टोबर १८४२ रोजी काय वेगळे घडले?

या दिवशी ग्रोल यांनी नव्या कारखान्यात पहिली बिअर शिजवली. पद्धत बव्हेरियाची होती, पण साहित्य पिल्सेनच्या परिसरातले होते. तिथेच फरक पडला.

बिअरचा रंग मुख्यतः माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीवर ठरतो. जुन्या भट्ट्यांत थेट आगीवर माल्ट वाळवले की ते करपे, काळपट होई, धुराचा वासही लागे. इंग्लंडमध्ये मात्र गरम हवेवर, आगीचा थेट स्पर्श न होऊ देता माल्ट वाळवण्याचे तंत्र रुळले होते. पिल्सेनच्या कारखान्याने त्याच धर्तीची भट्टी बसवली. त्यामुळे माल्ट फिकट राहिले.

दुसरा घटक पाणी. पिल्सेनचे पाणी अत्यंत मृदू, क्षार कमी असलेले आहे. अशा पाण्यात हॉप्सचा कडवटपणा जिभेला टोचत नाही. तिसरा घटक झातेत्स भागातील सुवासिक हॉप्स. ही एका वेलीची फुले असून, बिअरचा कडवटपणा आणि सुगंध त्यांच्यामुळे येतो. चौथा घटक म्हणजे शहराखालच्या वालुकाश्मात खोदलेली थंडगार तळघरे. तेथे बिअर आठवडेच्या आठवडे मुरली. यीस्ट तळाशी बसले आणि वरचा द्रव नितळ झाला.

११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या सणाच्या दिवशी ही बिअर लोकांसमोर आली. ती सोनेरी होती, आरपार दिसत होती आणि वर पांढरा दाट फेस होता. गडद बिअरची सवय असलेल्या शहराला हे नवीनच होते. फिकट माल्टच्या एल इंग्लंडमध्ये आधीपासून होत्या. व्हिएन्नाच्या आंटोन ड्रेहर यांनी १८४१ मध्ये तांबूस रंगाची लागर आणली होती. पण इतकी फिकट आणि इतकी नितळ लागर ही ग्रोल यांची देणगी मानली जाते.

मग काचेचा संबंध कुठे येतो?

त्याआधी मध्य युरोपात बिअर प्रामुख्याने दगडी मातीच्या किंवा कथलाच्या मगातून, काही ठिकाणी लाकडी भांड्यांतून प्यायली जाई. बव्हेरियातील मगांना झाकणही असे. पेय गढूळ असेल, तर आतले दिसले नाही म्हणून कुणाचे बिघडत नव्हते. उलट ते बरेच होते.

ग्रोल यांच्या बिअरने हे गणित बदलले. रंग आणि नितळपणा हेच तिचे वैशिष्ट्य होते आणि ते अपारदर्शक मगात दिसणार नव्हते. बोहेमिया तर शतकानुशतके काचकामासाठी प्रसिद्ध. त्यातच एकोणिसाव्या शतकात साच्यात दाबून काचेची भांडी बनवण्याचे तंत्र पसरले आणि श्रीमंतांच्या टेबलावरची काच हळूहळू खाणावळीत व गुत्त्यांतही परवडू लागली. हा बदल एका रात्रीत झाला नाही. मात्र सोनेरी बिअर आणि स्वस्त काच यांचा प्रसार एकाच काळात झाला आणि दोघांनी एकमेकांना हात दिला. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला पिल्सेन रेल्वेने जोडले गेले आणि ही बिअर दूरच्या शहरांत पोहोचू लागली.

काचेमुळे गाळणाऱ्यावर वचकही बसला. गढूळपणा, तरंगणारा गाळ, बसलेला फेस हे सारे आता ग्राहकाला पहिल्या घोटाआधीच दिसू लागले.

ग्रोल यांचे पुढे काय झाले?

शहराचे नाव जगभर झाले, पण ग्रोल यांना त्याचा वाटा मिळाला नाही. त्यांचा करार ३० एप्रिल १८४५ रोजी संपला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. त्यांच्या स्वभावाला कारखान्याचे मालक कंटाळले होते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. ग्रोल फिल्सहोफेनला परतले आणि पुढे वडिलांच्या कारखान्याचे मालक झाले. पिल्सेनमध्ये त्यांच्या जागी पुन्हा बव्हेरियन माणूसच नेमला गेला. याचा अर्थ पद्धत मालकांना हवी होती, माणूस नको होता.

१८५९ मध्ये पिल्सेनच्या कारखान्याने ‘पिल्सनर बिअर’ या नावाची नोंदणी केली. तोवर इतर ठिकाणचे कारखानेही तशीच बिअर काढून तेच नाव लावू लागले होते. वाद जर्मनीतील न्यायालयापर्यंत गेला आणि पिल्सनर हे केवळ एका गावाच्या बिअरचे नव्हे, तर एका प्रकाराचे नाव ठरले. मूळ कारखान्याने १८९८ मध्ये ‘पिल्सनर उर्केल’, म्हणजे पिल्सनरचा मूळ स्रोत, हे नाव नोंदवले. गावाचे नाव बाटलीवर राहिले. ग्रोल यांचे नाव मात्र कुठल्याच प्रकाराला मिळाले नाही.

१८८७ मध्ये, वयाच्या ७४व्या वर्षी फिल्सहोफेनमध्येच त्यांचा मृत्यू झाला. गावातल्या नेहमीच्या बैठकीत, बिअरच्या टेबलापाशीच त्यांनी प्राण सोडला, अशी आठवण तेथे सांगितली जाते.

पिल्सनर ग्लासचा आकार असा का?

प्रचलित पिल्सनर ग्लास उंच, सडपातळ, खाली निमुळता आणि वर किंचित रुंद असतो. सडपातळपणामुळे प्रकाश आरपार जातो, रंग उठून दिसतो. उंचीमुळे बुडबुड्यांना वर यायला लांब वाट मिळते आणि फेसाला सतत पुरवठा होत राहतो. रुंद तोंडामुळे फेसाला बसायला जागा मिळते.

फेस ही फुकटची हवा नाही. माल्टमधील प्रथिने आणि हॉप्समधील कडू घटक यांच्यापासून तो तयार होतो. तो सुगंध धरून ठेवतो आणि खालच्या बिअरमधील वायू पटकन उडू देत नाही. त्यामुळे साधारण दोन बोटे फेस येईल असे ओतणे योग्य. पिल्सेनमध्ये तर कित्येक ठिकाणी याहून जास्त फेस ठेवतात. तेथे उंच ग्लासापेक्षा मुठीचा जाड काचेचा मगच अधिक दिसतो. मुठीमुळे हाताची ऊब लागत नाही आणि जाड काच गारवा टिकवते. म्हणजे आकार एकच असला पाहिजे, असे नाही. काच पारदर्शक हवी, फेसाला जागा हवी आणि गारवा टिकायला हवा, या तीन अटी महत्त्वाच्या.

घरासाठी कोणते ग्लास घ्यावेत?

आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या बहुतेक बिअर या फिकट लागर, म्हणजे ग्रोल यांच्याच बिअरच्या दूरच्या वारस आहेत. त्यामुळे एकच प्रकार घ्यायचा असेल, तर उंच पिल्सनर ग्लास किंवा मुठीचा काचेचा मग पुरेसा आहे.

आकारमान : आपल्याकडे पाइंट म्हणजे ३३० मिलिलिटरची बाटली. ती फेसासह मावण्यासाठी किमान ४०० मिलिलिटरचा ग्लास हवा. ६५० मिलिलिटरची मोठी बाटली दोघांत वाटावी किंवा दोनदा ओतावी.

गव्हाची बिअर : पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरींमुळे ही ओळखीची झाली आहे. तिचा फेस भरपूर असतो. त्यासाठी खाली चिंचोळा आणि वर फुगीर असा अर्धा लिटरचा उंच ग्लास वापरतात.

तीव्र, सुगंधी बिअर : पोट फुगीर आणि तोंड आत वळलेला ट्यूलिप ग्लास सुगंध कोंडून ठेवतो. ओतायची ती थोडीच.

स्वच्छता : फेसाचा सर्वांत मोठा शत्रू तेलकटपणा. बिअरचे ग्लास दुधाच्या आणि तेलकट भांड्यांबरोबर, त्याच घासणीने घासू नयेत. साबण पूर्ण निघेपर्यंत खळखळून धुवावेत आणि पुसण्याऐवजी उपडे ठेवून निथळू द्यावेत. ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले, तर ग्लास नीट धुतलेला नाही असे समजावे. भजी खाल्लेल्या ओठांनीही फेस बसतो, हे लक्षात ठेवावे.

फ्रीझर नको : बर्फाचा थर जमलेल्या ग्लासात फेस उसळतो, बर्फ वितळून बिअर पातळ होते आणि अतिथंडपणामुळे चव कळत नाही. ओतण्यापूर्वी ग्लास गार पाण्याने विसळणे पुरेसे.

ऊन नको : पारदर्शक काचेची हीच एक मर्यादा. उन्हात हॉप्समधील घटकांवर प्रक्रिया होऊन काही मिनिटांतच उग्र, नकोसा वास येऊ शकतो. बाटल्या गडद तपकिरी असतात, त्या याच कारणाने. गच्चीत किंवा बाल्कनीत बसायचे, तर सावलीत.

स्टीलच्या ग्लासात काय बिघडते?

चव नासत नाही आणि पेय गारही राहते. मात्र रंग, नितळपणा, बुडबुडे काहीच दिसत नाही. ज्या गुणांसाठी पिल्सेनच्या नागरिकांनी १८४२ मध्ये आपली पुंजी पणाला लावली आणि ज्यांच्यासाठी ग्रोल आठवडेच्या आठवडे तळघरात थांबले, तेच गुण स्टीलमध्ये झाकले जातात. महागड्या ग्लासांचा संच घेण्याची गरज नाही. नीट धुतलेले, पुरेशा आकाराचे दोन-चार साधे काचेचे ग्लास घरात असले, तरी काम भागते. अर्थात ग्लास कोणताही असला, तरी कायदेशीर वय, प्रमाण आणि प्यायल्यावर गाडी न चालवणे, हे नियम बदलत नाहीत.