मनगटापासून तीन बोटं

२०१६च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. दिवसभर दारात रांग, रात्री कॅश जुळवायची आणि अंथरुणाला पाठ टेकली की छातीत धडधड. ईसीजी स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी काळजी कमी करा म्हणून सांगितलं. कशी, ते चिठ्ठीवर लिहिलं नाही. अखेर ॲक्युप्रेशर जाणणाऱ्या एका बाईंनी माझा हात उताणा धरला, मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, मूठ वळली की उठून दिसणाऱ्या दोन दोरांच्या मधोमध अंगठा दाबला आणि सावकाश श्वास घ्यायला लावलं. चिनी वैद्य या जागेला नेइग्वान म्हणतात, म्हणजे आतली वेस. धडधड ओसरली. बिंदूमुळे, श्वासामुळे, की कुणी हात हाती घेतला म्हणून, हा हिशेब माझा अजून जुळलेला नाही.

निवृत्तीनंतर या बिंदूचा माग काढत गेलो आणि हुआंगफू मी भेटला. चीनमध्ये हे नाव मोठं. आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

जन्म इ.स. २१५चा, वायव्य चीनमधला. घराणं एके काळी सेनापतींचं, पण आता उतरती कळा. हा काकांना दत्तक गेलेला. विशीपर्यंत पुस्तकाला हात नाही, नुसता गावभर उंडारायचा. एकदा कुठूनशी खरबुजं मिळाली, ती त्यानं काकूपुढे आणून ठेवली. शाबासकी मिळेल असं वाटलं असावं. काकू रडूच लागली. मेन्सियसच्या आईनं मुलाच्या वळणासाठी तीनदा बिऱ्हाड हलवलं होतं. आपण कुठे कमी पडलो, असं तिनं विचारलं. त्या दिवसापासून पोरगा बदलला. गरिबीमुळे शेतात राबावं लागे, तर तिथेही पुस्तक बरोबर. पुढे लोक त्याला ग्रंथवेडा म्हणू लागले.

चाळिशीनंतर वातानं अंग धरलं. शंभर दिवस कानानं ऐकू येईना. त्यात त्या काळच्या बड्या लोकांत खनिजांच्या एका पुडीची टूम निघाली होती. ती घेतल्यावर थंडच खावं लागे. यानंही ती घेतली आणि अंगाची आग आग झाली. भर थंडीत उघड्यानं बसून बर्फ खायचा, तरी दाह शमेना. एकदा निराशेच्या भरात त्यानं सुरी उचलली. तेव्हाही समजावून हात आवरला तो काकूनंच.

वैद्यांच्या अडाणी उपचारांना विटून त्यानं सुया आणि शेक यांवरचे तीन जुने ग्रंथ काढले. मजकूर विस्कळीत, पुनरुक्ती भरपूर. आम्ही बँकेत जुन्या वह्या नव्या खतावणीत उतरवायचो, तसंच हे काम. रोगवार वर्गवारी केली, दुबार नोंदी काढल्या, ३४९ बिंदूंच्या जागा मांडल्या. बारा खंडांचा ‘झेन-जिऊ जिया-यी जिंग’ तयार झाला. पुढे चीनमध्ये आणि जपानमध्ये वैद्यकीचे विद्यार्थी तो शिकले.

त्यात आतल्या वेशीची नोंद आहे. काळीज थरथरतं, माणूस दचकतो, भितो, मन खिन्न होतं, तिथे हा बिंदू कामी येतो, असा तिचा आशय. मी ती नोंद दोनदा वाचली. प्रस्तावनेत त्यानं स्वतःचा आजार आणि बहिरेपण सांगितलंय. सुरीचा उल्लेख नाही.

आजच्या चाचण्यांत सुयांनी चिंता हलकी झालेली दिसते खरी, पण खोट्या सुयांनीही पुष्कळांना बरं वाटतं. तेव्हा वाद मिटलेला नाही. मी डॉक्टरांच्या गोळ्या सोडल्या नाहीत, आणि अंगठा दाबणंही.

जिन सम्राट वू यानं त्याला दरबारी बोलावलं, पुन्हा पुन्हा बोलावलं. यानं आजाराचे हाल लिहून नकार कळवला आणि पुढे वाचायला पुस्तकं तेवढी मागितली. सम्राटानं गाडीभर पाठवली.

२८२ साली तो गेला. शवपेटी नको, चटईत गुंडाळा, असं त्यानं लिहून ठेवलं होतं. बरोबर एकच पुस्तक ठेवायला सांगितलं होतं, आईवडिलांप्रति मुलाचं कर्तव्य सांगणारं. मुलांनी तसंच केलं.